उभा बसलेला बंध

श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या चरणी मस्तक ठेवून, त्याच्या जयंतीच्या या दिवशी, मी एका मुलीचे शब्दचित्र रेखाटतो आहे. त्यात क्रोध उतरला तर देवाने तो सोसावा.

वैजयंता म्हणताच प्रथम ऐकू येते ती थाप: आमच्या कळस गावच्या शाळेमागे, कलती उन्हे धुळीत विरत असताना, खो-खोच्या खांबावर पडणारी तिच्या तळव्याची थाप, आणि त्यासरशी वाऱ्याने दिशा बदलावी तसे तिचे वळणे. आमच्या शेजारच्या, एकेकाळी मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेल्या घरातली ही लेक.

अशाच एका वळणावर तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शहरातल्या शल्यविशारदाने तिच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून, हाडांत छिद्रे पाडून, नवा बंध ओवला. मग सारा हिवाळा मी पाहत होतो: धुके ओसरण्यापूर्वी ओट्यावर बसून, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन, ती व्रतस्थासारखी गुडघा ताठ करीत असे. तिची वहिनी चिडवायची, आता लग्नही गुडघ्याशीच लावा.

तरी वळताना गुडघा निसटतच राहिला. शल्यविशारदाने तिला दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरून सरळ चालवले, एमआरआयमध्ये बंध अखंड असल्याचे दाखवले आणि निकाल दिला: व्यायामात आळस झाला. घरच्यांनी तो खरा मानला.

बारामतीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले. मांडीच्या हाडातले छिद्रच फार वर पाडले गेले होते. तिरका बसायचा बंध उभा बसला. सरळ चालीला तो पुरतो, वळणाला पुरत नाही. शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागेल.

ती पहिल्या डॉक्टरांकडे परत गेली. सोबत मी होतो. "आळस माझा नव्हता, एवढंच म्हणा," ती म्हणाली. "घरात समदी मलाच बोलत्यात."

त्यांनी मानही वर केली नाही. "सरळ चालता येतं ना?"

हात चुकू शकतो. सूक्ष्म कर्मात तो चुकणारच, हे मी जाणतो. पण आपली चूक एका निरपराध पोरीच्या माथी मारून जी विद्या निश्चिंत बसते, तिचा मला संताप येतो, आणि शांतिपाठ म्हणूनही तो शमत नाही.

परतताना ती एवढेच बोलली, "आबा, गुडघा फिरून नीट हुईल. पर आळशी म्हणत्यात, ते कोण नीट करणार?"

उद्या बारामतीत तिचा गुडघा पुन्हा उघडतील. हाड भरून येईल. ज्या सायंकाळी ती मैदानावर नव्हती, त्या मात्र काळ परत करीत नाही, स्मृतीच्या हाती केवळ साक्ष उरते. ती मी देतो: तिने आळस केला नव्हता. वाचकहो, निरपराधाला निरपराध म्हणणारा आवाज तुमच्या घरी सदैव नांदो. सहकुटुंब तुमचे कल्याण असो.