पंपाची लाज

मळणीच्या दिवशी सकाळीच गिरणीवालीचं आणि तिच्या दिराचं वाजलं. मी गिरणीच्या दारात पोती शिवत बसलो होतो, म्हणून सगळं कानावर आलं.

दमा दोघांनाही. तिला पिठाच्या धुळीनं, त्याला मळणीच्या भुश्यानं. ती सकाळ-संध्याकाळ दवाखान्यातला पंप ओढायची, चूळ भरायची आणि कामाला लागायची. दीर मात्र औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या आणायचा. दोन वर्षं, रोज. गाल फुगले, मान जाड झाली. लोक म्हणायचे, गडी अंगानं भरला.

"भावजी, ती सूज आहे," वहिनी म्हणाली. "गोळी अंगभर हिंडते, हाडं पोखरते. पंपातलं औषध इवलंसं, पण नेमकं छातीत जातं. आज तरी यंत्रापाशी उभे राहू नका."

"पंप म्हणजे शेवटची पायरी. एकदा तोंडाला लागला की सुटत नाही. तुमचा सुटलाय का?"

"कशाला सोडू? त्याच्या जोरावर पोती उचलते. तुम्हाला चार पावलांत धाप लागते."

सासू मध्ये पडली. "अगं, पुरुषमाणूस चारचौघांत तोंडाला नळी लावेल का?"

दीर तणतणत खळ्यावर गेला. शिवलेली पोती घेऊन मीही मागोमाग गेलो.

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. उडालेला भुसा तिथंच तरंगत राहायचा, गिळायला आल्यासारखा. दुपारी दीर पेंढी टाकता टाकता वाकला आणि गुडघ्यांवर हात टेकून बसला. खिशातली गोळी काढून त्यानं गिळली. गोळी पोटात गेली, पण श्वास काही येईना. छाती शिट्टी वाजवायला लागली, ओठ काळेनिळे पडले.

मी गिरणीकडे पळालो. वहिनी तशीच पिठानं माखलेली धावत आली. तिच्या हातात दुसरा, अडीनडीचा निळा पंप होता आणि त्याला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं. दिरानं तिचा हात झटकला. सगळं खळं बघत होतं ना.

"लाज जगलात तर धरा," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "मान धर यांची."

मी धरली. तिनं नळकांडं तोंडाला लावलं, पंप दाबला. थांबली, पुन्हा दाबला. सासू शेजारी बसून लेकाची पाठ चोळत होती. असं चार-पाचदा झाल्यावर शिट्टी थोडी सैल पडली. तेवढ्यात त्याला दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी औषधाची वाफ दिली आणि गोळ्याही लिहून दिल्या. दीर धापत म्हणाला, "बघा वहिनी, शेवटी गोळीच."

"झटका आलाय म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन वर्षं खाल्लीत, एकदम तोडली तर अंगच कोसळेल. मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची. पण रोजचं औषध आजपासून पंप. बरं वाटलं तरी सोडायचा नाही."

दहा दिवसांनी दीर गिरणीत आला. दळणाला रांग लागलेली. त्यानं पंप मुठीत झाकून हळूच काहीतरी विचारलं. गिरणीच्या आवाजात वहिनीला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, मग ओरडूनच विचारलं, "आधी श्वास सोडायचा का ओढायचा?"

सगळी रांग वळून बघायला लागली. वहिनीनं गिरणी बंद केली.

"आधी सोडायचा. मग दाबत सावकाश ओढायचा आणि दहा मोजेपर्यंत धरायचा."

त्यानं कान लाल करून तसं केलं. कुणी हसलं नाही. रांगेत उभा असलेला सुतार डबा खाली ठेवून पुढे आला.

"वहिनी, परत एकदा सांगा," तो म्हणाला. "माझा चार महिने कपाटात पडलाय."