अनवाणी टाकलेला चेंडू

ये, बस. त्या खोक्यावर नको, ते राखीव आहे. कोणासाठी, ते सांगतो. गोष्ट मोठी नाही, जेवणाची सुट्टी संपायच्या आत सांगून होईल. तू या कारखान्यात नवा आहेस, आणि मघाशी वेल्डरने आजच्या खेळात तुझी पाळी लावलीय. तेव्हा तुला हे माहीत असलेलं बरं.

आमच्या खेळाचं नाव सोंग. डबे उघडले की एकाने पार तिकडं शटरपाशी जायचं आणि क्रिकेटमधला एखादा बोलर होऊन यायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्याची धाव, त्याचा हात, आणि चेंडू म्हणून हा चिंध्यांचा गोळा. गोळा पडला की वेल्डर विचारणार, ‘कोण आहे?’ आपण ओळखायचं. खरी नावं इथं चालत नाहीत. पाय फरफटवत येतो तो करवत, टणाटणा उड्या मारत येतो तो घोडा, मनगटात दोरा ओवल्यासारखं करतो तो शिंपी.

या खेळात एकच माणूस कधी हरत नसे. आमचा क्रेनवाला. दिवसभर छताला टांगलेल्या त्या केबिनमध्ये बसायचा म्हणून सगळे त्याला पाखरूकाका म्हणायचे. या खोक्यावर बसून, डब्यात मान घालून, घास चावत चावत सांगायचा, ‘करवत आहे.’ वर पुरवणी जोडायचा, कुठल्या मॅचमध्ये करवतच्या बोलिंगवर लागोपाठ कॅच सुटले, कोणी सोडले, आणि सोडणारा नंतर आभाळाकडं कसा बघत होता. वेल्डर चिडायचा. म्हणायचा, काका, निदान मान तरी वर करा, आमची इज्जत राहू द्या. काका म्हणायचा, तुमची तोंडं बघून जेवण जात नाही रे.

आम्हाला वाटायचं, रुबाब करतोय. करू दे. त्याला शोभतो.

माझं काम तेव्हाही हेच. खाली उभं राहायचं, हुक अडकवायचा आणि हाताने खुणा करायच्या. पंजा हलवला की पुढं, मूठ वर केली की थांब. वरचा माणूस माझ्या हाताकडं बघून टनभर लोखंड लोकांच्या डोक्यावरून नेतो. त्यात काका मला म्हणाला होता, खुणेबरोबर शिट्टीपण वाजवत जा, कामाला ताल लागतो. पुढं न्यायचं तर तुटक, थांबायचं तर लांब. मी वाजवायला लागलो. आपल्याला काय, शिट्टीत फुंक मारायची.

तर एक दिवस माझ्या बुटाचा खिळा टाचेला टोचत होता. पाळी माझी. बूट काढून ठेवले आणि अनवाणीच शटरपाशी गेलो. करवतचं सोंग घेतलं. एक पाय फरफटवत आलो, बुटांचा आवाज नाही, हात फिरवला, गोळा टाकला. गोळा टप्पा खाऊन काकाच्या डब्याला येऊन टेकला.

वेल्डरने विचारलं, ‘काका, कोण आहे?’

काका पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, ‘आधी टाकू तर दे त्याला.’

सगळे खो खो हसले. काकाने आज भारीच फिरकी घेतली म्हणून एकाला ठसका लागला. मी हसलो नाही. मी समोरच होतो ना. काकाचा हात हळूच डब्याच्या कडेने सरकला, गोळ्याला लागला आणि तिथंच थांबला. मग तोही हसला. म्हणाला, घोडा आहे, घोडा, मस्करी केली तुमची.

घोडा, म्हणे. करवत आणि घोडा यात शेंबडं पोरसुद्धा चुकणार नाही.

सुट्टी संपली. दुपारी मोठ्या पंपाची बॉडी उचलून पलीकडच्या टोकाला न्यायची होती. वाटेत वेल्डर आणि त्याची माणसं पाइपावर वाकलेली. मी शिडीपाशी काकाला गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी हात पुढं केला आणि विचारलं, काका, किती बोटं?

त्याने शिडीचा गज चाचपून धरला. मग म्हणाला, ‘डॉक्टर म्हणतो, पडदा गेलाय, चष्म्याने व्हायचं नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. पण ही शेड मला पाठ आहे. शिट्टी वाजव तू.’

‘काका, खाली माणसं आहेत.’

‘म्हणून तर म्हणतो, शिट्टी वाजव. वर आहे तोवर मी पाखरू आहे रे. खाली उतरल्यावर कोण आहे मी?’

आणि चढला. मी फोरमनच्या खोलीकडं बघितलं. दार बंद. वर मोटर सुरू झाली, हुक खाली आला. मी मनाशी म्हटलं, आधी वेल्डरला बाजूला काढू. त्याला हाक मारली. तो म्हणाला, एवढा एक टाका मारतो, काकाच आहे ना वर, मग काय काळजी.

बॉडी उचलली. तुटक शिट्टी, तुटक शिट्टी. काका असा आणत होता की साखळी हलत नव्हती. वेल्डरच्या अलीकडं थांबवायचं म्हणून मी मूठ वर केली, छाती भरून लांब शिट्टी मारली, आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यातला कॉम्प्रेसर धडधडायला लागला. माझी शिट्टी मलाच ऐकू येईना.

मूठ वर, आणि बॉडी येतेच आहे.

मी पळालो. वेल्डरला कॉलर धरून मागं ओढलं, तो माझ्या अंगावर पडला. पडल्या पडल्या वर बघतो, तर बॉडी तो वाकला होता त्या जागेच्या हातभर अलीकडं थांबलेली. कोणी सांगून थांबवली नव्हती. शिट्टी ऐकू येईना म्हणून काकाने आपणच थांबवली होती.

कोणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. फोरमन दारात आलेला. वरून केबिनमधून आवाज आला.

‘कोण आहे रे खाली?’

आता खाली दहा माणसं उभी, भरदिवसा, वर दिवेही लागलेले. हसलं तर कोणीच नाही. सगळ्यांना एकदमच समजलं.

मी म्हटलं, ‘मी आहे काका. सगळे ठीक आहेत.’

‘कुठं ठेवू?’

मी बोलत गेलो, तो आणत गेला. डावीकडं, अजून थोडं, आता खाली. लाकडी ओंडक्यांवर त्याने ती बॉडी अशी टेकवली की आवाजसुद्धा झाला नाही. मग शिडी उतरला. वेल्डर आधार द्यायला पुढं झाला, त्याचा हात त्याने बाजूला केला. बोलण्यावरून फोरमन समोर आहे हे कळल्यावर केबिनची किल्ली पुढं धरली. म्हणाला, ‘साहेब, डाव घोषित करतोय. बाद नाही झालो, लिहून ठेवा.’

फोरमन तसा तोंडाचा फटकळ. पण त्याने किल्ली दोन्ही हातांनी घेतली.

आता वर तो नवा माणूस असतो, बरा आहे. पण दुपारी काकी काकाला गेटपर्यंत आणून सोडते. तिथून तो भिंतीला हात लावत एकटा येतो. येईलच आता. त्या खोक्यावर बसेल, डब्यात मान घालेल. अजून हरलेला नाही.

तेव्हा एवढंच सांगायचंय तुला. गरम होतं म्हणून पायातले बूट काढू नकोस. लेस घट्ट बांध, आणि येताना पाय जरा वाजवत ये.