अठ्ठेचाळिसावा तास

पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे काटाबाई म्हणत. तराजूच्या काट्यावरून पडलेलं नाव. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. सव्वीस वर्षांत तिच्या सहीचा एकही अहवाल माघारी आला नव्हता.

त्या रविवारी सकाळी नऊला ती प्रयोगशाळेत आली ती फक्त वही न्यायला. शनिवारच्या घाईत बायबलच्या अभ्यासाची वही खणातच राहिली होती. दहा वाजता शिंपीणमावशींच्या घरी प्रार्थनेची मंडळी जमायची होती. आपण ख्रिस्ती माणसं नेमकं काय मानतो, याचं एकेक वाक्य घेऊन ही मंडळी पवित्र शास्त्रात त्याचा आधार शोधत असत. मागच्या रविवारी न्यायाचा दिवस झाला. आज पापांची क्षमा होती, आणि वाचन तिच्याकडे होतं.

वही घेतली, खण लावला. जाता जाता सवयीने इन्क्युबेटरचं दार उघडलं.

आत पंधरा नळ्या होत्या, शुक्रवारी दहा वाजता तिनेच ठेवलेल्या. उताराच्या वस्तीची फुटलेली जलवाहिनी दुरुस्त झाली होती; तिच्या शेवटच्या नळाचं पाणी जांभळ्या द्रावात घालून उबेला ठेवलं होतं. पाण्यात घाणीचे जंतू असले तर द्राव पिवळा पडतो आणि आत उलट्या बसवलेल्या छोट्या नळीत बुडबुडा धरतो. चोवीस तासांनी एकदा बघायचं, अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. काही जंतू सावकाश वाढतात, म्हणून हे दुसरं बघणं.

चोवीस तासांनी सगळ्या नळ्या स्वच्छ होत्या. अठ्ठेचाळिसावा तास रविवारी दहाला भरत होता, ऐन वाचनाच्या वेळी. पाच दिवस वस्ती टँकरवर होती आणि पाणी पिण्याजोगं असल्याच्या दाखल्यासाठी साहेब मागे लागले होते. पण साहेबांना तिने याआधी कितीदा तरी थांबवलं होतं. या वेळी तिलाच थांबायचं नव्हतं. 'अठ्ठेचाळीस तास: वायू नाही' असं तिने शनिवारीच लिहून टाकलं, खाली सही केली आणि रविवार देवासाठी मोकळा केला.

आता पंधरापैकी दोन नळ्या पिवळ्या होत्या. दोन्हींत बुडबुडा. एकीत मोहरीएवढा, दुसरीत वाटाण्याएवढा.

तिने दार लावलं. पुन्हा उघडलं. बुडबुडे होते तिथेच होते.

बारा वाजता वस्तीत पाणी सुटणार होतं. चारशे घरं आणि एक प्रसूतिगृह.

दोनच नळ्या, तिने स्वतःला सांगितलं. मातीतले निरुपद्रवी जंतूही वायू सोडतात. खात्री करायची तर आणखी दोन दिवस लागतात. आत्ता आहे ती शंका, पुरावा नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खऱ्या वाक्यांची उतरंड रचून आपण कुठे चढायला निघालोय, हे तिला दिसत होतं. नळ्या धुवायचं बेसिन चार पावलांवर होतं. दोन नळ्या ओतायला अर्धं मिनिट. मग कुणालाच काही कळलं नसतं. लहानपणापासून तिला भीती वाटे ती नेमकी त्या 'कुणालाच'ची. त्यात वरचा एकजण कधी मोजला जात नसे.

तिने नळ्या ओतल्या नाहीत. फोनही केला नाही. कुलूप लावलं आणि वही छातीशी धरून वाचनाला गेली.

मावशींनी शिवणयंत्र भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. दारातच निवृत्त मास्तरांनी घड्याळ दाखवलं.

"दहा वाजून दोन मिनिटं! ताई, सूर्य बरोबर उगवला ना आज?"

सगळे हसले. तीही हसली. जिना चढतानाच अठ्ठेचाळिसावा तास भरला होता.

तिच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने असत. डावीकडे, काय लिहिलं आहे. उजवीकडे, मला काय वाटतं. निरीक्षण आणि निष्कर्ष यांची सरमिसळ तिला शास्त्रवाचनातही खपत नसे. तिने वाचायला सुरुवात केली. छप्पर उकलून चौघांनी प्रभूपुढे खाली सोडलेला लुळा माणूस. त्याने तोंडही उघडलं नव्हतं, तरी प्रभूने त्याला बरं करण्याआधी त्याच्या पापांची क्षमा केली. उजव्या रकान्यात तिने लिहिलं होतं, की क्षमा मागण्याआधीच दिलेली असते. ते वाक्य तिने मोठ्याने वाचलं आणि मनात म्हणाली, मग मलाही दे. आत्ता, इथे, या खुर्चीत. ती वाट बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. पावणेअकरा.

"ताई, एक विचारू का?" शिंपीणमावशी म्हणाल्या. "पण मास्तर हसतील."

"मी कशाला हसू?"

"तुम्ही हसताच. तर त्या दिवशी एका बाईच्या कापडात कातरी घसरली माझी. आतून जोड दिला, वरून कळतसुद्धा नाही. ती घालून बघून खूश होऊन गेली. मी देवाला सांगितलं हो, रडून सांगितलं. पण ती बाई समोरून आली, की मी गल्ली बदलते. मग ही क्षमा मिळाली म्हणायची की नाही?"

"मावशी, देवाने माफ केलं ना? मग आता सांगून तिचा विरस कशाला?" मास्तर म्हणाले. "झाकली मूठ राहू द्या."

"झाकलेलीच आहे हो. पण आत विंचू आहे त्याचं काय?"

मास्तर हसले. मग सगळ्यांनी काटाबाईकडे पाहिलं. उत्तर द्यायचं काम तिचं होतं.

तिने पान उलटलं. डावा रकाना भरलेला होता, तिच्याच सरळ अक्षरात. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेला माणूस. तिथे त्याला आठवतं, की आपल्या भावाचं आपल्याशी वाकडं आहे. त्याने अर्पण तिथेच ठेवायचं, आधी भावाकडे जायचं, समेट करायचा, मग परत येऊन अर्पण वाहायचं. उजवा रकाना कोरा होता. दोन आठवड्यांपूर्वी निष्कर्ष सुचला नाही, म्हणून नंतर लिहू असं म्हणून सोडून दिलेला.

तिने डावी बाजू वाचून दाखवली. यात काय वाटायला हवं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. नुसता क्रम होता. ठेव. जा. मग ये. आयुष्यभर ती असेच क्रम पाळत आली होती, आणि जो एक मोडला तो देवाच्या वाचनासाठी मोडला होता.

"मास्तर, किती वाजले?"

"अकरा वाजून दहा. का हो?"

तिने वही खुर्चीवर ठेवली. "मी जाऊन येते."

"अहो, प्रार्थना राहिली!" मावशी उठल्या.

"राहू दे तिथेच."

उताराच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या चेंबरच्या कठड्यावर वस्तीचं पाणी सोडणारा चावीवाला बसला होता. माणसाएवढ्या उंचीची लोखंडी चावी भिंतीला टेकलेली. काटाबाई धावत येताना बघून तो उभाच राहिला.

"काटा... म्हणजे बाई! आज रविवारी इकडे? तुमच्या देवानं सुट्टी दिली वाटतं."

"पाणी सोडू नका."

"बरंय तुमचं! बायका सकाळपासून माझ्या सात पिढ्या उद्धरतायत. आणि दाखला तर तुमचाच आहे." त्याने खिशातून घडी काढली. खाली तिची सही, एकही रेघ न थरथरलेली.

तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, उताराचं पाणी थांबवायला सांगा. दोन नळ्यांत वायू आलाय."

"शनिवारी सही कुणाची आहे?"

"माझी."

साहेबांचा आवाज मऊ झाला. "हे बघा बाई, काल पुन्हा एक नमुना घेतला होता, त्यात आज सापडलं, असं लिहू. पाणीही थांबेल, तुमचंही नाव राहील. सव्वीस वर्षं थोडी नसतात."

पाणी थांबणारच होतं. मग राहिलं काय? तिने कठड्याला हात टेकला. हो म्हणणं किती सोपं होतं. मूठ पुन्हा झाकली गेली असती.

"नाही साहेब. अठ्ठेचाळीस तासांचं मी न बघताच लिहिलं होतं."

"काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"चावीवाल्याकडे द्या फोन. आणि उद्या दहाला माझ्या खोलीत या. रजिस्टर घेऊन."

चावीवाला दोनदा "हो साहेब" म्हणाला आणि फोन तिच्या हातात देऊन मान खाजवत राहिला.

"बाई, एक सांगू का? सकाळी आठला लाइन धुवायला दहा मिनिटं सोडलं होतं पाणी."

"ते वाया गेलं ना?"

"पाच दिवस कोरडी वस्ती. वाया कोण जाऊ देतंय? पहिल्या गल्लीनं भांडी लावली."

"प्रसूतिगृह?"

"तिथवर नाही पोचलं. अकरा घरं असतील. बारा धरा." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी जातो सांगायला. शिव्या खायची सवय आहे मला, मुरलोय त्यात."

"चूक तुमची नाही."

"ते त्यांना कुठं माहीत असतं?"

"म्हणूनच मी येते."

उतारावरून पाय घसरतील अशा भीतीने ती भिंत धरून चालत होती. चावीवाला मागून येत होता. पहिल्या घराचं दार तिने वाजवलं.

एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. मागे भिंतीशी भरलेली भांडी ओळीने झाकून ठेवली होती.

"काय गं? बारा वाजायच्या आतच आलं का पाणी?"

"आजी, सकाळी भरलेलं पिऊ नका. त्यात दोष असू शकतो."

"अगंबाई! चांगलं आहे म्हणून सांगत होते की सगळे. तू कोण?"

"चांगलं आहे असं ज्या बाईने लिहून दिलं, ती मीच. न तपासता लिहिलं."

म्हातारी मान वळवून घरात ओरडली, "सूनबाई, पेला खाली ठेव आधी!"

आतल्या खोलीत पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. भरलेला ठेवला की रिकामा, ते काटाबाईला आवाजावरून कळेना. ती उंबऱ्यावर उभी राहून ऐकत राहिली.