भट्टीला लागलेली जांभई

हे कोणी खरं मानणार नाही, मानूही नका. पण चौदाशे डिग्रीच्या भट्टीचं बुजत आलेलं भोक मी नुसत्या जांभईनं उघडलंय.

"सुरू झालं यांचं," बायको, शकु, स्वयंपाकघरातून म्हणाली. पण शेजारचा दादू पाय पसरून बसला होता आणि आमची संघमित्रा, नोकरीला दिल्लीला गेल्यापासून पहिल्यांदाच घाटकोपरला आलेली, सोफ्यावर आडवी पडून ऐकत होती. मला एवढे कान पुरतात.

माहुलच्या बाजूला आमचा छोटा प्लँट. तिथं कोळसा नुसता जाळत नाहीत, त्याचा गॅस करतात. कोळशातली राख आत वितळते, तिला म्हणायचं स्लॅग. काकवीसारखी भिंतीवरून ओघळते, तळाच्या भोकातून खाली पाण्यात पडते आणि तडकून काळी काच होते. असं चाललं की सगळे सुखी. पण ती जरा निवली, की जुना मध साखर धरतो तसे तिच्यात बारीक खडे धरतात. मग वाहणं संपलं. भोक बुजलं की भट्टी बंद. ती थंड झाली की आत उतरून दगड फोडायला आम्हीच.

"कधीची गोष्ट ही?" दादूनं विचारलं.

ही दिल्लीला गेली ना, त्याच दिवसाची. संध्याकाळी कुर्ला टर्मिनसवरून हिची गाडी. दुसऱ्या पाळीला मला सोडवायला येणारा हर्षद तापानं झोपलेला, म्हणून पहिली पाळी संपली तरी मी तिथंच. पाय इतके जड, की वाटावं खडे माझ्यातच धरतायत.

दुपारी धार बारीक झाली. मग नुसते थेंब. चुना वाढवला, ऑक्सिजन वाढवला, काही उपयोग नाही. झरोक्याच्या जाड काचेतून बघतो तर भोकाच्या कडेनं खडे वाढतायत. बुजलं तर पोरीला निरोप द्यायला जाणं संपलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काचेजवळ तोंड नेलं आणि मला आली जांभई. ही एवढी. आता एकाची जांभई दुसऱ्याला लागते की नाही, दादू? आईशप्पथ सांगतो, त्या भोकानं हळूहळू आ केला! धो धो वाहिली स्लॅग.

"काय पण फेकतोस, शिवदास!" दादू म्हणाला आणि त्यानंही मोठी जांभई दिली.

बघ, लागली ना? मग काय, डोक्यावर हेल्मेट तसंच, रिक्षात उडी. पोचलो तर गाडी हललेली. शेवटच्या डब्यामागे प्लॅटफॉर्म संपेपर्यंत पळालो, हात हलवत. ही आत सामान लावत असणार बिचारी, मी दिसलो नाही.

संघमित्रा उठून बसली.

"खोटं, पप्पा. मी शेवटच्याच डब्यात होते. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत दारात उभी राहून मागेच बघत होते. तुम्ही आलाच नव्हता."