साठातून एक गेलेली मोजपट्टी

सन दोन हजार तेवीस, महिना जानेवारी, ऋतू हिवाळा. तारीख सांगितल्यावाचून हकिकत सांगू नये, असे माझे मत आहे. मोजमाप हा माझा पेशाच पडला. मी एका शिंपीणबाईंची मोजपट्टी बोलते आहे. रंग पिवळा, लांबी साठ इंच. क्षमा असावी, एकोणसाठ.

त्या एका इंचाचे असे झाले. बारा वर्षे लोकांच्या कमरांना वेढे घालून माझे पहिले टोक झिजले. (माप देताना पुरुष पोट आत ओढतात आणि पुढे कपडा घट्ट झाला म्हणून भांडतात, हे जाता जाता नमूद करते.) शेवटी धागे निघू लागले, तेव्हा बाईंनी कात्रीने एक इंच सरळ कापून टाकला आणि पितळी टोपी नव्या टोकावर चेपून बसवली. नवी पट्टी आणण्याऐवजी त्यांनी स्वतःची सवय बदलली. आकडा वाचावा, त्यातला एक सोडून द्यावा. त्यांची थोरली लेक हाताखाली मापे घेई. तिलाही हे इतके अंगवळणी पडले, की आपण एक का वजा करतो हेच ती विसरून गेली.

हीच मुलगी सातवीच्या वर्गात मात्र गणिताची कच्ची. कागदावर उदाहरण दिसले की तिच्या तोंडचे पाणी पळे. गणिताच्या बाईंनी तिला निक्षून सांगितले होते, "या वेळी चुकलीस, तर सोमवारपासून गणिताच्या तासाला पाचवीत बसायचं." पाचवीत तिची धाकटी बहीण होती. याहून अधिक काय सांगावे?

त्याच सुमारास शाळेत प्रोजेक्टर आला. पण वर्गात ऊन इतके, की भिंतीवर उमटलेले चित्र शोधावे लागे. बाई पुस्तकाबाहेरच्या गणिताच्या भोक्त्या. त्या म्हणाल्या, "खिडक्यांच्या चौकटींत घट्ट बसतील असे काळे पुठ्ठे करू. मापं तुम्हीच घ्यायची." शाळेची लोखंडी टेप गंजून मिटली होती, ती उघडेना. तेव्हा एकतीस तारखेला, मंगळवारी, मुलीने मला दप्तरातून ऐटीत बाहेर काढले.

खिडक्यांची उंची एकच होती आणि पुठ्ठेही नेमके तेवढ्याच उंचीचे मिळाले होते. रुंदी मात्र पाचांची पाच तऱ्हांची. प्रत्येकाने मापे घेऊन टॅब्लेटमध्ये भरली. माझी सुरुवात कोणीही पाहिली नाही. माणसे नेहमी शेवटचा आकडा पाहतात. सदतीस, त्रेचाळीस, एकोणपन्नास, असे सगळ्यांचे जुळले. मुलीचे छत्तीस, बेचाळीस, अठ्ठेचाळीस.

वर्गात हशा पिकला. "अगं, खिडकी आहे ती! तिला काय घट्ट पोलकं शिवायचं आहे?" शेजारीण म्हणाली.

"पाचही चुकली?" बाईंनी विचारले.

"माझी बरोबर आहेत, बाई."

"मग बाकीचे एकतीस जण खोटे का?"

मी टेबलावरून ओरडून सांगणार होते. पण मोजपट्टीला जीभ नसते, लांबी असते.

शिपाईमामांनी बहुमताच्या मापाने, वर्गातल्या लाकडी फूटपट्टीने मोजून, पुठ्ठे कापले. शुक्रवारी सकाळी ते पहिला पुठ्ठा लावू लागले. तिरका केला, दाबला, गुद्दाही मारला.

"बाई, थंडीनं खिडकी आखडली की काय?"

दुसराही बसेना, तिसराही बसेना. बाईंनी टॅब्लेटमधल्या मापांचा प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेला फिकट आलेख जवळ जाऊन न्याहाळला. एकतीस जणांची रेघ एकावर एक, आणि तिच्याखाली मुलीची, प्रत्येक ठिकाणी नेमकी एका इंचाने खाली.

"चुकणाऱ्याची रेघ वाकडीतिकडी जाते," बाई हळूच म्हणाल्या. "ही तर आगगाडीच्या रुळासारखी चालली आहे. इकडे ये. माप कसं घेतलंस?"

"आई घेते तसं. आकडा वाचायचा, एक सोडायचा."

"का सोडायचा?"

मुलीने प्रथमच विचार केला. मग तिने माझी टोपी बोटांत धरली आणि डोळे विस्फारले. "बाई, इथला एक इंच आईनं कापलाय! मी सांगायचंच विसरले."

बाईंनी माझे टोक चष्म्यापाशी नेले. मी जन्मात इतकी लाजले नव्हते. शिपाईमामांनी प्रत्येक पुठ्ठ्याचा एक इंच छाटला. पाचही बसले, खोलीत अंधार झाला आणि भिंतीवर दोन्ही रेघा लखलखीत उमटल्या.

"सोमवारी पाचवीत बसू ना, बाई?" अंधारातून प्रश्न आला.

"इथे, पहिल्या बाकावर. या दोन रेघांचं गणित तू फळ्यावर मांडायचंस. आणि मीही सुरुवात पाहिली नाही, हे त्यात लिहायचं."

वाचकहो, आकड्यावर विश्वास जरूर ठेवा; पण आधी माझी टोपी पाहत जा. म्हाताऱ्या पट्टीची एवढी विनंती.

तीन फेब्रुवारीच्या त्या संध्याकाळी मी शिवणयंत्राच्या खणात परतले.

"कुठं होती गं ही? चार दिवस दोरीनं मापं घेतेय मी!" शिंपीणबाई कडाडल्या.

"शाळेत होती, आई," मुलगी म्हणाली. "शिकवायला."