पोटरीपाशी अडलेला पायमोजा

मित्रांनो, पायमोज्याला सांगण्यासारखे ते काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मी एक जुना पायमोजा आहे हे खरे. पण शाळेच्या बुटात घालतात तसला नव्हे. माझी लांबी गुडघ्यापर्यंत, रंग मातकट, पुढून बोटे उघडी. अंगात ताण इतका, की मला चढवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

गोल फिरणाऱ्या विणयंत्रावर माझा जन्म झाला. सुताबरोबर रबरी धागा विणला गेला, तोही हिशेबाने. घोट्यापाशी मी सर्वांत घट्ट आणि वर जावे तसा सैल. पायात साचणाऱ्या रक्ताला खालून हलके ढकलून वर पाठवायचे, हे माझे काम. कारखान्यात एक चष्मेवाली तपासनीस होती. ती प्रत्येक मोजा लाकडी पायावर चढवून फितीने मापे घेई आणि जरा फरक दिसला की बाजूला भिरकावून देई. मला तिने दोनदा ताणून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा टिकेल बघ." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मी ज्यांच्या पायात गेलो त्या बाई घड्याळे दुरुस्त करीत. त्यांचे नाव वेगळेच होते, पण सगळा बाजार त्यांना काटेबाई म्हणे. एका दरवाजाएवढे रुंद दुकान, त्यात उतरते टेबल, मान वाकवलेला दिवा आणि डोळ्याला लावायचे भिंग. सकाळी एकदा त्या बसल्या की संध्याकाळीच उठत. नवरा लवकर गेलेला. एकुलती लेक होती, तिला त्या बबडी म्हणत.

पायरीवरून घसरून काटेबाईंचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाले, हाड जुळले. पण डावी पोटरी दगडासारखी घट्ट राहिली आणि गरम लागू लागली. तपासणीत कळले, की आतल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आहे. मला पहिल्यांदा त्यांच्या पायावर चढवले ते त्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलायला फटकळ, पण समजावून सांगण्यात कंटाळा नाही.

"बोट कापलं की रक्त आपोआप थांबतं ना?" त्या म्हणाल्या. "ते थांबवणारे घटक रक्तातच असतात. एक जागा झाला की दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी जाळं विणलं जातं आणि भोक बुजतं. एरवी रक्तवाहिनीचं गुळगुळीत अस्तरच त्यांना झोपवून ठेवतं. पण जखम नसताना ते जागे झाले, तर नळीच्या आतच जाळं तयार होतं. नळी तुंबते, अस्तर सुजतं. आत रक्त खाली परतू न देणाऱ्या झडपा असतात, त्या खराब होतात. एकदा गेलेली झडप परत येत नाही."

"म्हणजे चावी जास्त झाली म्हणायची," काटेबाई म्हणाल्या.

"चावी नाही, ब्रेक कमी पडतोय. घरात आणखी कोणाला असं झालं होतं?"

काटेबाई म्हणाल्या, "माझी आई. खुब्याचं ऑपरेशन झालं, छान चालायला लागली होती. दहाव्या दिवशी दात घासता घासता खाली बसली, ती उठलीच नाही."

डॉक्टरीणबाईंचे पेन थांबले. त्यांनी एक खास रक्ततपासणी लिहून दिली. पंधरा दिवसांनी अहवाल आला. रक्त गोठवणाऱ्यांपैकी पाचव्या क्रमांकाचा घटक जन्मापासून थोडा वेगळा होता. एकदा कामाला लागला की लवकर थांबत नसे. असा घटक घेऊन पुष्कळ माणसे आयुष्यभर सुखाने जगतात, असेही डॉक्टरीणबाईंनी सांगितले. पण जाताना त्यांनी बजावले, "मुलीला सांगा. तिच्यातही असू शकतं. पुढे ऑपरेशन असो की बाळंतपण, तिच्या डॉक्टरांना आधी माहीत असायला हवं."

काटेबाईंनी मान डोलावली. त्याच महिन्यात बबडीचे लग्न ठरत होते. दुकानात एकट्या असताना त्यांनी तो अहवाल उलगडला, घडी केली, पुन्हा उलगडला. सांगायला गेले आणि 'मुलीच्या रक्तात दोष आहे' एवढेच पलीकडच्यांच्या कानावर पडले तर? लग्न झाल्यावर बघू, असे म्हणून त्यांनी तो टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. लग्न झाले. मग पहिले वर्ष सुखाचे जाऊ दे, असे झाले. न सांगितलेली गोष्ट जितकी जुनी होते तितकी सांगायला जड जाते, मित्रांनो.

माझे म्हणाल, तर तीन वर्षे मी नेमाने काम केले. पाय हलका राहिला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरीणबाईंनी माझी स्तुती केली. मग काटेबाईंना माझा कंटाळा येऊ लागला. उकडते, खाज येते, चढवायला वेळ लागतो. एक दिवस राहिलो, दोन दिवस राहिलो, आणि शेवटी मीही त्या खणात जाऊन पडलो, नेमका त्या अहवालावर. तिथे मी जवळजवळ वर्षभर होतो. रबराला असा आराम मानवत नाही.

बबडीला मुलगी झाली तेव्हा काटेबाईंना ताप होता, म्हणून त्या लगेच जाऊ शकल्या नाहीत. नवव्या दिवशी निघाल्या. बसचा चार तासांचा प्रवास, पाय लोंबकळत राहणार, म्हणून खणातून मला काढले. खालचा कागद त्यांना दिसला. त्यांनी खण लोटून दिला.

सासरचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दार विहीणबाईंनी उघडले. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. आवाज अजून पटांगणावरचा. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "बाळ छान आहे. हिची पोटरी तेवढी धरलीय, दोन दिवस झाले. शेकून झालं. आता तेल कोमट केलंय, चांगली रगडून देते म्हणजे मोकळी होईल."

बबडी खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून होती. बाळ शेजारी झोपलेले. आईला पाहून ती हसली, पण पाय हलवताना तिने ओठ दाबले.

"कोणता पाय?" काटेबाईंनी विचारले.

"डावा. काही नाही गं आई, झोपून झोपून आखडलाय."

काटेबाईंनी चादर बाजूला केली. त्यांचा हात पोटरीवर टेकला आणि तिथेच थबकला. मग उजव्या पोटरीवर गेला, परत डावीवर आला. विहीणबाई तेलाची वाटी घेऊन पलंगाशी आल्या होत्या.

काटेबाई खुर्चीवर बसल्या, साडी वर सरकवून त्यांनी मला पायातून ओरबाडून काढले, आणि कोणाला काही कळायच्या आत बबडीच्या उजव्या पायात चढवले. मी सरसर गुडघ्याखाली पोचलो. त्यांनी मला काढून डाव्या पायात घातले. घोटा कसाबसा पार झाला. पोटरीच्या सुरुवातीला मी अडलो. त्यांनी एकदाच ओढून पाहिले. मी तसूभरही सरकलो नाही. बबडी कळवळली. माझ्या धाग्याधाग्याला खालची कातडी तापलेली लागत होती. असा पाय मी पूर्वी एकदाच पाहिला होता.

काटेबाईंनी मला उतरवले आणि तेलाच्या वाटीपुढे हात आडवा धरला.

"विहीणबाई, चोळू नका. पायाला हात लावू नका."

"अहो, मी काय आज पहिल्यांदा..."

"गुठळी आहे आत. चोळली तर सुटून वर जाईल." काटेबाई म्हणाल्या. "माझ्या पायात झाली होती. आई माझी त्यातच गेली. आमच्या रक्तातच आहे ते, ते लवकर गोठतं. हिच्यातही असेल म्हणून मला सांगितलं होतं. मी बोलले नाही."

बबडी आईकडे पाहत राहिली. विहीणबाईंनी वाटी खिडकीत ठेवली.

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"चार वर्षं."

विहीणबाईंच्या मानेची शीर ताठ झाली. "त्यावर आपण बोलणार आहोत," त्या म्हणाल्या. "आत्ता नाही. आत्ता दवाखाना."

त्यांनी मुलाला हाक मारली. जावयांनी दवाखान्यात फोन लावला तेव्हा पलीकडून सांगण्यात आले, की तिला चालवू नका. म्हणून समोरच्या घरातल्या सुताराला बोलावून दोघांनी बबडीला खुर्चीसकट उचलले. जिना अरुंद. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागे. काटेबाई पुढे उलट्या पावली उतरत होत्या आणि मी त्यांच्या मुठीत आवळलेला होतो. बाळाला घेऊन विहीणबाई मागे.

दुसऱ्या मजल्यावर बबडी म्हणाली, "आई, श्वास घेतला की इथे टोचतंय."

तिने बरगडीवर हात ठेवला होता. सुतार म्हणाला, "साहेब, पाऊल उचला," आणि खुर्ची झपाट्याने खाली निघाली.

दवाखान्यात काटेबाईंनी सगळे एका दमात सांगितले, मागचे पुढे, पुढचे मागे. अहवाल चार तासांच्या अंतरावर खणात होता, पण 'पाचवा घटक' हे दोन शब्द त्या विसरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी पूर्ण तपासणीची वाट न पाहता रक्त पातळ ठेवणारे पहिले इंजेक्शन दिले. मग सोनोग्राफी, मग छातीचा स्कॅन. गुठळी पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत होती. तिचे दोन बारीक तुकडे सुटून फुप्फुसात पोचले होते.

"मोठी अजून जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "पाय चोळला नाहीत हे फार बरं केलंत. तो मोजा मात्र चढवायला नको होता. सुजलेल्या पायावर माप घेतल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय असलं काही घालायचं नाही." मित्रांनो, मी शरमलो. पण चूक ती चूकच.

पुढचे दोन दिवस धोक्याचे होते. दोघी विहिणी बाहेरच्या बाकावर बसून असत. मध्ये एकीचे हातपाकीट, एकीची पाण्याची बाटली. दर काही तासांनी नर्स बाळाला पाजायला आत नेई, तेवढ्यापुरत्या दोघी उठत. दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाईंनी तोंड उघडले.

"मी लग्न मोडलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

विहीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "मोडलंही असतं कदाचित," त्या म्हणाल्या. "तेव्हाची मी कशी वागले असते, माझं मलाच सांगता यायचं नाही. पण निदान भांडून मोकळ्या झालो असतो. पोरगी अशी आत नसती."

काटेबाईंनी पदराने डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी बबडीचा श्वास मोकळा झाला. अकराव्या दिवशी ती घरी आली. रक्ताची तपासणी झाली आणि तोच पाचवा घटक तिच्यातही निघाला. पोटातली इंजेक्शने, मग गोळ्या, दर काही दिवसांनी रक्त तपासणे. रक्तवाहिनी हळूहळू उघडली, पण दोन झडपा कायमच्या गेल्या. अजूनही संध्याकाळी तिचा डावा पाय सुजतो. बबडी आईशी महिनाभर तुटक बोलत होती. मग एका रविवारी फोन करून तिने विचारले, "आई, तू मोजा घालतेस की नाही?" काटेबाई घालू लागल्या होत्या, नवा, मापाचा. मी निवृत्त झालो.

आता माझ्यात ताण उरलेला नाही. तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोणाला काय आजार होते, कोण कशाने गेले. लाजून किंवा भिऊन दडवलेले दुखणे बरे होत नाही. ते पुढच्या माणसाच्या अंगात वाट बघत बसते.

बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा काटेबाई पुन्हा त्या घरी गेल्या. त्यांनी एका कोऱ्या कागदावर बाळाच्या आईकडची सगळी दुखणी लिहून काढली, कोणाला काय झाले आणि कितव्या वर्षी, आणि तो कागद लसीच्या कार्डाबरोबर ठेवायला विहीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो पुरा वाचला, मधोमध पट्टीने रेघ मारली आणि परत दिला.

"आमची बाजू कोरी कशी राहील?" त्या म्हणाल्या. आतल्या खोलीकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "लिहा. माझ्या धाकट्या भावाला आकडी यायची. लग्नाच्या वेळी आम्हीही तुम्हाला सांगितलं नव्हतं."

काटेबाईंनी पेनाचे टोपण काढले आणि लिहिले.