एकाच कागदावरची नावं

ओट्यावरून झाकण खणकन पडलं आणि ती दचकली. कारखान्यातल्या आगीला चार दिवस झाले होते. भाजलेला नवरा दवाखान्यात मृत्यूशी झुंजत होता. आणि आज सकाळी चर्चमध्ये फादरांनी गेलेल्यांच्या नावांत त्याचंही नाव वाचलं होतं.

आता ते ओशाळून दारात उभे होते. “चुकलो, पोरी. बरं होण्यासाठीची नावं त्याच कागदावर खाली होती. मी आपला वाचतच गेलो.”

“फादर, माझ्या काळजाचं पाणी झालं! हे घरी आले की आधी तुम्हाला चष्मा घेऊन देतील.”

ते कसंनुसं हसले. “चल, त्याच्यासाठी नीट प्रार्थना करू.”

तिने हात जोडले. लेक मात्र तशीच उभी राहिली. “आई, देवानं सकाळचंच खरं मानलं असेल तर?”